क्लीनर रॅस खरा की नकली? शिवाय परक्युला आणि ग्रामाची ओळख

खारटपाणी_ठाणे

टाकी चार फुटी, साधारण ३०० लिटर. लाइव्ह रॉक, झोअँथिड, लेदर कोरल, आणि दगडात तीन फेदर डस्टर (नळीत राहणारे, तुऱ्याचे किडे). मासे सध्या एक फॉक्सफेस आणि चार क्रोमिस. खारटपणा १.०२५, तापमान २६.

दुकानात तीन प्रकार बाजूला ठेवायला सांगितलेत, पण तिन्हींच्या नावाबद्दल शंका आहे.

पहिला, ‘क्लीनर रॅस’, म्हणजे इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा मासा. सात-आठ सेंमी, फिकट निळा, तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, मागे रुंद होत गेलेला. मधूनमधून अंग हलवत नाचतो, पण बराच वेळ दगडाच्या भोकात डोकं बाहेर काढून बसलेला असतो.

दुसरा, ‘ट्रू परक्युला’ क्लाउनफिशची जोडी. भाव साध्या ओसेलारिस क्लाउनच्या अडीचपट. पांढऱ्या पट्ट्यांना काळी किनार आहे. समुद्रातून धरलेली, अंदमानची, असं सांगतात.

तिसरा, ‘रॉयल ग्रामा’. पुढे जांभळा, मागे पिवळा. भाव इतका कमी की त्याचीच भीती वाटते.

फोटो काढले, पण निळ्या दिव्याखाली सगळेच मासे जांभळे दिसतात. काचेसमोर उभं राहून नेमकं काय बघायचं ते सांगा.

पर_मोजणारा

आधी दुकानदाराला निळा एलईडी बंद करून पांढरा लावायला सांगा. मोबाइल काचेला टेकवून काटकोनात धरायचा, फ्लॅश बंद, आणि मासा पूर्ण आडवा आला की दहा-बारा फोटो एका दमात. पोहण्याचा वेगळा स्लो मोशन व्हिडिओ. तिन्ही माशांचा निकाल यातूनच लागेल, कारण तुम्ही जे वर्णन दिलंय ते सगळं रंगाचं आहे आणि या तिन्ही जोड्यांत रंगच फसवतो.

आता क्लीनर. खरा म्हणजे लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. त्याची नक्कल करणारा ॲस्पिडॉन्टस टीनिएटस हा ब्लेनी आहे, रॅसच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. रंग, पट्टा, आकार, सगळं त्याने उचललंय. तोंड मात्र त्याला बदलता आलेलं नाही.

खऱ्या क्लीनरचं तोंड नाकाच्या अगदी टोकाला, सरळ पुढे उघडणारं. ओठ जाड, आणि खालचा ओठ मधोमध चिरल्यासारखा, दोन पाळ्यांचा. नकलीचं नाक तोंडाच्या पुढे आलेलं असतं आणि तोंड खालच्या बाजूला, मुशीच्या तोंडासारखं. बाजूने घेतलेल्या एका चांगल्या फोटोत हे स्पष्ट दिसतं. बाकी काही बघायला वेळ नसेल तर एवढंच बघा.

वेळ असेल तर पाठीवरचा पर बघा. रॅसमध्ये त्यात ९ काटे आणि १० ते ११ मऊ दांडे असतात. ब्लेनीचा पर डोक्यामागून निघून शेपटीपर्यंत सलग झालरीसारखा जातो, काटे आणि दांडे मिळून पस्तिसाच्या वर. पोटाखालचा मागचा परही तसाच लांबलचक. दुकानात मोजायची गरज नाही, झालर लांब की आखूड एवढं नजरेला कळतं. मासा पर मिटून बसला असेल तर थोडं थांबायचं, वळताना तो उघडतो.

खवल्यांचंही आहे. रॅसला बारीक खवले असतात, ब्लेनीचं अंग गुळगुळीत. पण काचेतून ते दिसेलच असं नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

आणि तुम्ही लिहिलेली भोकात बसायची सवय. खरा क्लीनर दिवसा असा बसून राहत नाही. तो छातीच्या परांनी वल्ही मारल्यासारखा पोहत असतो, शेपूट नुसती मागे ओढली जाते. फटीत शिरतो तो रात्री, तेव्हा अंगाभोवती चिकट कोशही करतो. भोकात उलटं, शेपटीकडून शिरायचं आणि डोकं बाहेर ठेवायचं ही ब्लेनीची रीत. माझा कल नकलीकडे आहे, पण तोंडाचा फोटो टाका.

लाटांवर

नाचतोय म्हणजे खरा असावा ना? ते अंग वरखाली हलवणं क्लीनरचीच खूण आहे.

पर_मोजणारा

नाही, नाच नकलीलाही येतो. वल्ह्यासारखं पोहणंही तो थोडा वेळ करून दाखवतो. घाई झाली किंवा घाबरला की मात्र सगळं अंग सापासारखं वळवत सुटतो. म्हणून व्हिडिओ घ्यायचा तो माशाला जाळी दाखवल्यावर, निवांत असताना घेतलेला उपयोगाचा नाही.

प्रवाळवेडी

वरच्या उत्तरात थोडी भर.

नकली क्लीनर आला तर तो सगळ्या माशांचे लचके तोडेल असं सरसकट सांगितलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. मोठा ॲस्पिडॉन्टस जास्त करून नळीत राहणाऱ्या किड्यांचे तुरे, शिंपल्यांचं मांस आणि इतर माशांनी दगडावर घातलेली अंडी खातो. पर कुरतडण्याची खोड लहान वयात जास्त. म्हणजे तुमच्या टाकीत आधी जातील ते तीन फेदर डस्टर. तुरे रोज थोडे आखूड दिसायला लागले आणि पाण्याच्या चाचण्या ठीक येत असतील, तर तिथे बघा.

त्याहून त्रासदायक मासा दुसराच आहे, प्लॅजिओट्रेमस ऱ्हायनोऱ्हिंकॉस, दुकानी भाषेत ब्लूस्ट्राइप फँगब्लेनी. हा क्लीनरच्या पिल्लाची नक्कल करतो. क्लीनरचं पिल्लू मोठ्यासारखं दिसतच नाही: अंग काळं आणि पाठीच्या कडेने एकच झगझगीत निळी रेघ. फँगब्लेनीवर निळ्या रेघा दोन, एक वर, एक खाली. तो मागून येऊन खवले, चिकटा आणि पर तोडतो, आणि त्याच्यावर उपाय नाही. शिवाय तो रंग बदलू शकतो, आज काळा-निळा दिसलेला उद्या तपकिरी किंवा नारिंगी दिसेल. इथेही तोंड बघायचं. त्याचं तर ॲस्पिडॉन्टसपेक्षाही खाली आणि मागे गेलेलं असतं.

निऑन गोबीसुद्धा ‘क्लीनर’ म्हणून विकला जातो, तो निरुपद्रवी आहे आणि खरोखर सफाई करतो. ओळख सोपी: पाठीवर दोन वेगळे पर, पोटाखालचे पर जुळून चूषक झालेला, त्यामुळे तो काचेला किंवा दगडाला चिकटून बसतो. पाच सेंमीच्या आसपास. हॅचरीत तयार होतो, दिलेलं खातो. सफाईवालाच हवा असेल तर हा घ्या. क्लीनर खरा निघाला तरी मी तो घेऊ नका म्हणेन. त्याचं पोट भरतं ते माशांच्या अंगावरच्या परजीवींवर आणि चिकट्यावर, आणि तुमच्या पाच माशांवर त्याची गुजराण होणार नाही. घ्यायचाच असेल तर दुकानात स्वतःसमोर गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकायला लावा. खातो का बघा, डोक्यामागे पाठ खोल गेली आहे का बघा. घरी दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं लागेल.

आणि तो व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके उठणारा रोग) बरा करेल या आशेने तर अजिबात नको. त्या रोगाचा परजीवी, क्रिप्टोकॅरियॉन, माशाच्या त्वचेच्या थराखाली बसलेला असतो, क्लीनरला तो उचलता येत नाही.

जाता जाता: निळ्या रेघेचा, काडीसारखा लांब ‘क्लीनर पाइपफिश’ कुणी दाखवला तर लांबून नमस्कार करा. समुद्रघोडा आणि त्याचं सगळं कुळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आलं, पाइपफिश त्याच कुळातले.

पर_मोजणारा

फेदर डस्टरचा मुद्दा मान्य, माझ्या उत्तरात तो राहिला होता.

प्रवाळवेडी

ग्रामाचं दोन ओळींत होईल. खरा रॉयल ग्रामा, ग्रामा लोरेटो, हा कॅरिबियन समुद्रातला. अटलांटिक ओलांडून येणारा मासा इथे स्वस्तात मिळेल कसा? स्वस्तात मिळतो तो रॉयल डॉटीबॅक, पिक्टिक्रोमिस पॅकाग्नेली, इंडोनेशियाकडचा.

जांभळा आणि पिवळा जिथे भेटतात तिथे बघा. डॉटीबॅकमध्ये रेघ मारल्यासारखी सीमा. ग्रामामध्ये जांभळा ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरघळत जातो. ग्रामाच्या पाठीवरच्या परावर पुढच्या बाजूला काळा ठिपका असतो आणि डोळ्यातून तिरकी काळपट रेघ जाते. डॉटीबॅकला दोन्ही नाहीत, आणि त्याचे पर जवळजवळ बिनरंगी, पारदर्शक. ग्रामाचे पोटाखालचे पर लांब आणि जांभळे. ग्रामा कपारीच्या छताला पोट लावून उलटा तरंगताना दिसला तर दचकू नका, ती त्याची नेहमीची तऱ्हा.

फरक स्वभावाचा आहे म्हणून हे महत्त्वाचं. ग्रामा आपल्या कपारीपुरतं भांडतो. डॉटीबॅक सात सेंमीचा असून टाकीभर दादागिरी करतो, लहान कोळंबीवरही हात मारतो. तुमचे क्रोमिस शांत आहेत, त्यांच्यात तो नको.

ओसेलारिसवाला

क्लाउनचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

दुकानात दोघांनाही ‘निमो’च म्हणतात, आणि ‘ट्रू’ शब्द लागला की भाव चढतो. ॲम्फिप्रिऑन ओसेलारिस आणि ॲम्फिप्रिऑन परक्युला या खरोखर दोन वेगळ्या जाती आहेत, पण दिसायला इतक्या जवळच्या की काळ्या किनारीवरून ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. परक्युलाची किनार जाड असते हे खरं, पण ती वयाबरोबर येते. परक्युलाच्या पिल्लाला किनार नसते म्हटलं तरी चालेल, आणि ओसेलारिसमध्येही काहींना बारीक काळी कड असते. त्यात हॅचरीतल्या निवडक वाणांनी आणखी गोंधळ घातलाय. ‘पिकासो’ आणि ‘ऑनिक्स’ हे परक्युलाचे वाण, ‘स्नोफ्लेक’ ओसेलारिसचा, आणि डार्विनकडचा काळा मासा हाही ओसेलारिसच.

काटे मोजा. पाठीवरच्या परात पुढचा भाग काट्यांचा, मागचा मऊ दांड्यांचा, मध्ये खाच. खाचेच्या पुढचे ताठ, न फाटलेले तेवढे मोजायचे. ओसेलारिसला बहुधा ११, क्वचित १०. परक्युलाला बहुधा १०, क्वचित ९. म्हणजे ११ आले की ओसेलारिस, ९ आले की परक्युला. १० आले तर काट्यांवरून निकाल लागत नाही. लोक इथेच चुकतात, १० दिसले की परक्युला म्हणून मोकळे होतात.

मोजताना पहिला काटा सुटतो. तो आखूड असतो आणि पाठीच्या रंगात मिसळतो. फोटो मोठा करून मागून पुढे मोजत या, म्हणजे शेवटी तो शोधावाच लागतो. तीन वेगवेगळ्या फोटोंवर एकच आकडा आला तरच धरा.

१० वर अडलात तर दोन गोष्टी बघा. परक्युलाच्या डोळ्याचं बुबुळाभोवतीचं कडं भडक नारिंगी, त्यामुळे काळा भाग छोटा वाटतो. ओसेलारिसचं ते कडं करडट नारिंगी, डोळा एकूण काळा आणि मोठा वाटतो. निळ्या दिव्यात ही खूण अजिबात चालत नाही. दुसरी, काटेरी भागाची उंची: ओसेलारिसमध्ये तो उंच, परक्युलामध्ये बसका. शेजारी नक्की ओसेलारिस असलेला मासा पोहत असेल तर तुलना जमते, एकट्या माशावर ठरवणं अवघड.

आणि तुमच्या दुकानदाराच्या एका वाक्याने काम सोपं केलंय. अंदमानात, समुद्रात सापडतो तो ओसेलारिस. त्याचा पट्टा अंदमान-निकोबारपासून थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, वर जपानच्या र्यूक्यू बेटांपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापर्यंत. परक्युला उत्तर क्वीन्सलंड, न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआतू या बाजूचा. तेव्हा मासा ‘अंदमानचा’ आणि ‘परक्युला’ या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. हॅचरीतला असेल तर कुठलाही असू शकतो, आपल्याकडे मंडपम आणि विळिंजमला सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) क्लाउनची पैदास बसवून बरीच वर्षं झाली.

पाळायला दोघांत फारसा फरक नाही. अडीचपट द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मी देणार नाही.

खारटपाणी_ठाणे

पांढऱ्या दिव्याखाली फोटो काढून आणले.

क्लीनर: नाक पुढे, तोंड खाली. पाठीवरची झालर डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत. नकलीच. सोडून दिला.

ग्रामा: सीमा रेघ मारल्यासारखी, काळा ठिपका नाही. डॉटीबॅक. तोही रद्द.

क्लाउन: मोठ्या माशाला तिन्ही फोटोंत ११ काटे. छोट्याला १०, दोनदा मोजले. डोळ्याचं कडं दोघांचं करडटच वाटतं. म्हणजे मिश्र जोडी आहे का?

ओसेलारिसवाला

मोठा तर ओसेलारिसच. छोट्याचा डोळाही करडट, तेव्हा तो १० काट्यांचा ओसेलारिस धरायला हरकत नाही. मिश्र जोडी म्हणायला पुरावा नाही. ओसेलारिसच्या भावात मिळत असेल तर घ्या. मोठी ती मादी, लहान तो नर, आकारात फरक आहे म्हणजे जोडी जमलेली असण्याची शक्यता चांगली.

खरंच समुद्रातून धरलेली असेल तर थेट टाकीत सोडू नका. ५० ते ६० लिटरची वेगळी टाकी, दगड-वाळू नाही, लपायला पीव्हीसीचे दोन तुकडे, चार आठवडे. समुद्रातल्या क्लाउनमध्ये ब्रुकलिनेला नावाच्या परजीवीचा रोग येतो. अंगावरून पांढरट चिकटा सुटायला लागतो, श्वास वाढतो, खाणं बंद होतं, आणि दोन-तीन दिवसांत मासा जातो. व्हाइट स्पॉट समजून त्यावर तांब्याचं औषध घातलं तर उपयोग शून्य, वेळ मात्र जातो. त्यावर फॉर्मलिनची अंघोळ: ३७ टक्क्यांचं फॉर्मलिन दहा लिटर खाऱ्या पाण्याला दीड मिली, एअर पंप जोरात, ३० ते ४५ मिनिटं. मासा कलंडला किंवा धापा टाकायला लागला तर लगेच बाहेर. अंघोळ झाल्यावर त्याच पाण्यात ठेवायचा नाही, दुसऱ्या निर्जंतुक टाकीत सोडायचा, नाहीतर जुन्या टाकीतून पुन्हा लागण होते. बाटलीच्या तळाला पांढरा गाळ बसला असेल तर ती बाटली वापरू नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

लाटांवर

धागा भरकटवतोय, पण त्याच दुकानात ‘मूरिश आयडल’ म्हणून काळा-पांढरा-पिवळा, पाठीवरून लांब पांढरी पताका निघालेला मासा आहे. तो खरा आयडल की बॅनरफिश, कसं ओळखायचं?

प्रवाळवेडी

शेपूट बघा. पिवळी असेल तर बॅनरफिश म्हणजे हेनिओकस, काळी आणि कडेला बारीक पांढरी रेघ असेल तर मूरिश आयडल. आयडलचं नाक चोचीसारखं लांब, त्यावर पिवळं-नारिंगी खोगीर. आयडल टाकीत जगवणं फार अवघड, तेव्हा तो तोच निघाला तर घेऊ नका.

हेनिओकस निघाला तरी आणखी एक पायरी आहे, त्यातली जात ओळखायची. ॲक्युमिनेटस मोठा होतो आणि कोरलवर चोच मारतो. डिफ्र्यूटीस कळपाने राहतो, पाण्यातून वाहत येणारं खातो, त्यामुळे कोरलच्या टाकीत त्यातल्या त्यात तो बरा. पुन्हा काटेच: ॲक्युमिनेटसला ११, डिफ्र्यूटीसला बहुधा १२, कधी १३. डिफ्र्यूटीसचं नाक आखूड आणि छाती पुढे फुगलेली.

पर_मोजणारा

इथे दुकानदाराला जाळी घालायला सांगू नका. पारदर्शक डब्यात घेऊन बाजूने फोटो काढा. जाळीत पर मिटतात, पताका मोडते, आणि मोजणी तिथल्या तिथे संपते.

खारटपाणी_ठाणे

एक राहिलं. दुकानातला तो ब्लेनी ज्या दगडात राहतो, त्यातलाच एक तुकडा मी मागच्या महिन्यात आणलाय. माझ्याकडे फेदर डस्टरचा एक तुरा आखूड दिसतोय. टाकीत तसाच एखादा असेल तर काढायचा कसा?

पर_मोजणारा

दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने लाल टॉर्चने भोकं तपासा, कुठल्या भोकात डोकं दिसतं ते बघा. दुसऱ्या दिवशी दिवसा, मासा आत असताना तो दगड सरळ वर उचलून टाकीच्याच पाण्याच्या बादलीवर धरा. ब्लेनी संकटात बाहेर पळत नाही, आत घट्ट बसतो, म्हणूनच हे जमतं. मग सिरिंजने त्याच भोकात गोडं पाणी मारा, एक-दोन पिचकाऱ्यांत तो बादलीत पडेल. गोडं पाणी फक्त भोकात मारा, सगळा दगड बुडवू नका, नाहीतर दगडावरचे बाकीचे जीव मरून टाकीत अमोनिया वाढेल.

उघड्या हाताने धरू नका. खालच्या जबड्यात वाकडे सुळे आहेत आणि तो चावतो.